मुख्य राखावें, गौण सोडावें

मंडळी वाढते कशानें, हा प्रश्न आम्हांस हेंद्रेपाड्यांत पडला. बदलापुरांतल्या या भागांत गांव सोडून पोटापाण्यासाठीं आलेलीं घरें पुष्कळ. कोणी कोकणांतलें, कोणी देशावरचें, कोणी खानदेशांतलें. एका घरीं सायंकाळीं हरिपाठ होतो, दहा-बारा माणसें जमतात. एके दिवशीं एक खानदेशी गृहस्थ नवे आले. त्यांची चाल वेगळी. आम्हीं सर्वांदेखत हात वर करून म्हटलें, "माउली, इथं ही चाल नाहीं." दुसऱ्या दिवशीं ते आले नाहींत. टाळ सारे एका ठेक्यांत पडले, पण आमचें चित्त लागेना.

त्या रात्रीं नामदेवरायांची आठवण झाली. १२९६ सालीं ज्ञानोबारायांनीं आळंदीस समाधि घेतली. पुढें नामदेवराय उत्तरेस गेले आणि पंजाबांत, गुरदासपूर जिल्ह्यांतल्या घुमान गांवीं बरींच वर्षें राहिले, असें परंपरा सांगते. पंढरी शेंकडों कोस दूर. तिथं मराठी कोणाला कळणार? पण महाराज "आधीं मराठी शिका" म्हणत बसले नाहींत. त्या लोकांना उमजेल अशा बोलींत त्यांनीं पदें केलीं. १६०४ सालीं गुरु अर्जुनदेवांनीं आदिग्रंथ सिद्ध केला; त्या गुरु ग्रंथसाहेबांत नामदेवरायांचीं ६१ पदें आहेत. लिपि गुरुमुखी, गायन रागदारीचें; पण कांहीं पदांत 'बीठल' हें नांव आहेच! आपलाच विठ्ठल तो. २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलें, तें याच नात्यानें.

शास्त्रकार मुख्य आणि गौण असा भेद करतात. नाम मुख्य, बोली आणि चाल गौण. नामदेवरायांनीं गौण सोडलें, मुख्य राखलें, म्हणून एवढ्या लांब बीज रुजलें. आम्हीं नेमकें उलट केलें. फोलपट जपलें, दाणा दवडला.

याचा अर्थ फडाला शिस्त नको असा नव्हे. चार मुखें एकत्र यायचीं तर एक चाल लागतेच. पण शिस्त मागून शिकवतां येते. दारांतून परत गेलेला माणूस मागून आणणें कठीण.

तिसऱ्या दिवशीं आम्ही त्या गृहस्थांच्या घरीं गेलों. म्हटलें, "चुकलें आमचें. आज तुमच्या चालीनें म्हणूं." ते आले. त्या चालींत आमचाच टाळ दोनदां चुकला, आणि पोरंसोरं हंसलीं. बरें वाटलें.

तुमच्या हरिपाठास उद्यां कोणी नवा येईल. त्याला आधीं विचारा, "तुमच्याकडे कसें म्हणतात?" मंडळी तिथून वाढते.

रामकृष्णहरि.