दोन यंत्रांचा संगम



दूरध्वनी आणि संगणक ही जन्मतः एकमेकांची भावंडे नव्हेत. एकाचे कार्य बोलणे दूरवर पोचविण्याचे, तर दुसऱ्याचे गणना करण्याचे. आज मात्र दोन्ही यंत्रे तळहातावर मावणाऱ्या एकाच पेटीत नांदत आहेत. हा संगम कसा घडून आला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम दूरध्वनीचा प्रवाह पाहू. दिनांक ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्क शहरात मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर यांनी हाती धरलेल्या बिनतारी दूरध्वनीवरून पहिले संभाषण केले. त्या यंत्राचे वजन एक किलोग्रॅमहून अधिक होते आणि त्यावर बोलण्यापलीकडे दुसरे काही करता येत नसे. भारतात अशा भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले.

दुसरा प्रवाह संगणकाचा. १९८१ साली ‘ऑस्बोर्न १’ हा उचलून नेता येण्याजोगा संगणक विक्रीस आला. त्याचे वजन सुमारे ११ किलोग्रॅम आणि पडदा अवघा पाच इंचांचा! असा संगणक खिशात जाईल, ही कल्पनाही त्या काळी दुरापास्तच होती.

दोहोंना एकत्र आणण्याचा उल्लेखनीय प्रयत्न १९९४ साली आयबीएम कंपनीच्या ‘सायमन’ या यंत्रात झाला. पडद्यास स्पर्श करून त्यावर दिनदर्शिका पाहता येई, पत्ते नोंदविता येत आणि पत्रेही धाडता येत. परंतु तासभर बोलताच त्याची बॅटरी संपुष्टात येई. १९९६ साली आलेला नोकियाचा ‘कम्युनिकेटर’ पुस्तकासारखा उघडे. बाहेरून तो दूरध्वनी होता, तर आत अक्षरफलक होता. दोन्ही यंत्रे एका छपराखाली आली खरी, परंतु त्यांचा संसार अजून वेगळाच होता.

खरा संगम होण्यास तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या. अल्प विजेवर चालणारा गणकचिप ही पहिली. इंग्लंडमधील केंब्रिज येथे १९८५ साली तयार झालेल्या ‘आर्म’ रचनेने ती पुरविली. १९९१ पासून बाजारात आलेली हलकी लिथियम-आयन बॅटरी ही दुसरी. आणि आवाजाबरोबर मजकूर व चित्रेही वेगाने वाहून नेणारे बिनतारी जाळे ही तिसरी. या तिन्हींच्या आधारे २००७ साली आयफोन व २००८ साली अँड्रॉइड प्रणालीवरील पहिला भ्रमणध्वनी अवतरला. पुढे प्रवाह उलटही वाहू लागला. ज्या ‘आर्म’ रचनेने भ्रमणध्वनी वाढविला, तीच २०२० साली ॲपलच्या मांडीवरील संगणकात जाऊन बसली.

यंत्रे अशी एकत्र आली, म्हणून त्यांवरील कामेही एकरूप झाली काय? २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा कित्येक घरांत एकुलता एक भ्रमणध्वनी हाच वर्ग, हाच फळा आणि हीच उत्तरवही झाला. त्यावर पाठ ऐकणे साधले. परंतु अंगठ्याने दीर्घ निबंध लिहिणे दुष्कर ठरले. लहान पडदा पाहावयास लावतो आणि लिहिण्याचा कंटाळा आणतो. ज्याच्या घरी संगणक नाही, तो विद्यार्थी केवळ प्रेक्षक बनून राहण्याचा धोका आहे, आणि तो मला फार मोठा वाटतो.

यावर उपायही त्याच पेटीत आहे. बहुतेक भ्रमणध्वनींना स्वतंत्र अक्षरफलक जोडता येतो. शिवाय युनिकोड या संकेतप्रणालीत १९९१ पासूनच देवनागरीस स्थान मिळाल्याने भ्रमणध्वनीवर लिहिलेले अक्षर संगणकावरही तसेच उमटते. घरी कोकणी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना ही एकच लिपी दोन्ही भाषांसाठी उपयोगी पडते.

तेव्हा येत्या सुट्टीत प्रत्येकाने निदान एक काम करावे. आजीआजोबांकडून आपल्या गावाची माहिती विचारून घ्यावी आणि ती भ्रमणध्वनीवर चार पृष्ठे लिहून काढावी. ज्या पेटीत आपण इतरांचे पाहतो, तिच्यात आपले स्वतःचेही काही असले पाहिजे.