सायकलवरून नहर : परिसर अभ्यासाचा एक तास



"मॅडम, नहर वाकडी काऊन खोदली? सरळ खोदली असती तं पैसे वाचले नसते का?"

पाचवीतल्या एका मुलाचा हा प्रश्न. वर्गात बसून तो त्याला कधीच पडला नसता. डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही पेंच प्रकल्पाच्या डाव्या कालव्याच्या काठाने सायकली घेऊन निघालो होतो, तेव्हा पडला. अकरा मुलं, सहा पालक, आम्ही दोघं शिक्षक. (आपल्याकडे बोलताना सगळे 'नहर'च म्हणतात, पुस्तकात 'कालवा' असतो. मी दोन्ही शब्द वापरते. मुलांना दोन्ही यायला हवेत.)

नहरेच्या काठाचा रस्ता सायकलसाठी फार सोयीचा. चढ नाही, उतार नाही, ट्रक नाही. गिअरची सायकल लागत नाही. आमच्यात तर एक मुलगी आजोबांची मोठी काळी सायकल घेऊन आली होती. पण पावसाळ्यात जाऊ नका, काळी चिकण माती चाकाला अशी चिकटते की सायकल ढकलताही येत नाही. उन्हाळ्यातलं नागपूरचं ऊन सांगायला नको. डिसेंबर-जानेवारी उत्तम. सोबत पंक्चरचं सामान हवंच, कारण काठावर बाभळी असतात. आमची तीन चाकं बसली.

तर त्या प्रश्नाकडे येते. मी लगेच उत्तर दिलं नाही. "आपण आतापर्यंत चढलो का उतरलो?" असं विचारलं. सगळे म्हणाले, "काहीच नाही, सपाट आहे." मग पाणी एकाच दिशेने का वाहतं? इथे सगळे गप्प.

धरणातलं पाणी मोटर न लावता दूरच्या शेतापर्यंत न्यायचं तर थोडा उतार लागतोच. उतार जास्त दिला की पाणी धावतं, काठ कापतं, आणि नहर लवकरच शेतांपेक्षा खाली जाते. मग शेतात पाणी चढणार कसं? म्हणून मोठ्या कालव्याला अगदी बेताचा उतार देतात, साधारण चार-पाच किलोमीटरला एखादा मीटर असा. पायडल मारताना तो कळतच नाही. पण इतका कमी उतार टिकवायचा म्हणजे जमिनीच्या एकाच उंचीला धरून चालावं लागतं. उंचवटा आला की वळसा, खोलगट भाग आला की पुन्हा वळसा, नाहीतर भराव. नाला आडवा आला तर त्याच्यावरून पूल बांधून पाणी न्यायचं, त्याला जलसेतू म्हणतात. सरळ खोदायचं म्हटलं तर कुठे टेकडी फोडावी लागेल, कुठे डोंगराएवढा भराव घालावा लागेल. वाकडी नहर हीच स्वस्त नहर.

वर्गात हे दाखवायचं असेल तर अर्धा बटाटा परातीत पालथा ठेवा, बोटभर पाणी घाला आणि पाणी जिथे टेकतं तिथे पेनाने रेघ काढा. खडबडीत बटाटा घ्या, रेघ हमखास वाकडीतिकडी येते. हीच समोच्च रेषा. आमच्या मुलांनी बटाटा पाहूनच "ही तं नहर झाली" म्हटलं.

आता एक सावधगिरीची गोष्ट, आणि यात चूक माझीच आहे. युरोपातल्या कालव्याकाठच्या सायकल सहलींचे फोटो आपण मोबाईलवर पाहतो. फ्रान्समधला कॅनाल द्यू मिदी १६८१ साली पूर्ण झाला, लांबी सुमारे २४० किलोमीटर. तो होड्यांसाठी खोदला होता. होड्या काठावरून चालणारे घोडे ओढायचे, त्या घोड्यांच्या वाटेवर आज लोक निवांत सायकली चालवतात. तिथलं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. आपली नहर सिंचनासाठी आहे, तिचं पाणी वाहतं. आणि काठाचा रस्ता कालव्याच्या देखरेखीसाठी केलेला आहे, सहलीसाठी नाही. म्हणून आम्ही जलसंपदा विभागाच्या जवळच्या कार्यालयात जाऊन परवानगी घेतली, पाणी केव्हा सुटणार तेही विचारलं. मुलांना "पाण्यात उतरायचं नाही" असं चार वेळा बजावलं.

पण चपलेबद्दल काही सांगितलं नव्हतं. एक मुलगी काठावर बसली, तिची चप्पल निसटून पाण्यात गेली आणि तिचा भाऊ ती काढायला सिमेंटच्या उतारावर पाय टाकता झाला. एका पालकाने त्याची कॉलर धरली म्हणून निभावलं. त्या सिमेंटवर शेवाळ असतं. पाय घसरला तर मोठ्या माणसालाही परत वर येता येत नाही, धरायलाच काही नसतं. तेव्हापासून माझा नियम असा : नहरेपासून दोन सायकलींच्या लांबीइतकं दूर राहायचं, पाणी पाहायचं ते कठडा असलेल्या पुलावरूनच, आणि वस्तू पडली तर ती गेली. कोणी पडलंच तर मागे उडी मारायची नाही. ओढणी, दोर, फांदी टाकायची, मोठ्यांना ओरडून बोलवायचं, ११२ ला फोन लावायचा. हे आता मी निघण्याआधी मुलांकडून म्हणून घेते.

पुढचा प्रयोग म्हणून पुलावरूनच केला. पळसाचं पान पाण्यात टाकलं, १०० मीटरवर एक पालक घड्याळ घेऊन उभे. जवळजवळ दोन मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला ५० मीटर, तासाला ३ किलोमीटर. आपण चालतो त्यापेक्षाही हळू. धरण ३० किलोमीटरवर धरलं तर किती तास? "दहा! म्हणजे सकाळी सोडलेलं पाणी रात्री पोचते." (वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात वाहतं, तेव्हा हे ढोबळ उत्तर आहे हे शिक्षकांनी लक्षात ठेवावं.)

यानंतर आम्ही मोठी नहर सोडून एका मायनरच्या काठाने वळलो. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे घडलं. पेंच नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगेची पुढे प्राणहिता होते आणि ती गोदावरीला मिळते. नदी पुढे जाईल तशी मोठी होते, हे मुलांना पाठ आहे. नहर मात्र पुढे जाईल तशी लहान होते. प्रत्येक पुलावर मुलांनी पावलांनी रुंदी मोजली. सहा पावलं, मग चार, मग तीन. दर गेटपाशी थोडं थोडं पाणी कोणाच्या तरी धानाला, गव्हाला गेलेलं. शेवटी एक पाटचारी, ती मुलं टांग टाकून ओलांडू लागली. त्यापुढे नुसती कोरडी चारी. बसने किंवा मोटरसायकलने गेलो असतो तर हे दिसलं नसतं.

तिथे मी त्यांना २०१९ चा जुलै सांगितला. पाऊस लांबला, तोतलाडोह तळाला गेलं आणि नागपूर शहरात एक दिवसाआड पाणी आलं. कारण नवेगाव खैरीच्या ज्या धरणातून आपली डावी नहर निघते, तिथूनच महादुल्यामार्गे शहराकडेही पाणी जातं. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून तोतलाडोहात येणारं पाणीही घटलं आहे. मग आधी पाणी कोणाला द्यायचं, नळाला की धानाला? मुलांचे दोन गट पडले. मी निकाल दिला नाही, मलाही देता आला नसता.

सोमवारी सगळ्यांना नहरेचा नकाशा काढायला सांगितला. बहुतेकांनी दोन समांतर निळ्या रेघा काढल्या. टेलवरच्या गावातून येणाऱ्या एका मुलाने मात्र रेघा जवळ जवळ आणत एका टोकाला मिळवल्या, टोकानंतर बोटभर जागा कोरी सोडली आणि त्यापुढे आपलं शेत काढलं.