कथेची दुसरी बाजू

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उत्तर व दक्षिण असे दोन तट पडून १८६१ ते १८६५ या काळात मोठे यादवी युद्ध झाले. दक्षिणेतील जमीनदारांचे कापसाचे विस्तीर्ण मळे त्या वेळी गुलामांच्या श्रमावर चालत. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या काळ्या लोकांचे हे वंशज. गुराढोरांप्रमाणे त्यांची खरेदी-विक्री होई. युद्धाच्या आरंभी त्यांची संख्या सुमारे ४० लाख होती. युद्धात दक्षिणेचा पराभव झाला आणि १८६५ च्या अखेरीस गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली.

दक्षिणेतील अटलांटा या नगरात १९०० साली मार्गारेट मिचेल यांचा जन्म झाला. बालपणी वृद्ध मंडळींजवळ बसून त्यांनी युद्धाच्या असंख्य कथा ऐकल्या. त्यांत दक्षिणेच्या सैनिकांचे शौर्य होते, जळालेल्या घरांचे दुःख होते. पराभवाचा उच्चार मात्र कोणी करीत नसे. दक्षिण हरली, हे आपणांस दहाव्या वर्षी प्रथम कळले, असे त्या पुढे सांगत.

मोठेपणी त्या वृत्तपत्रात काम करू लागल्या. घोट्याच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, तेव्हा घरी बसून त्यांनी कादंबरी लिहावयास घेतली. ‘गॉन विथ द विंड’ ही ती कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली. युद्धात सर्वस्व गमावूनही हार न मानणारी स्कार्लेट ही तिची नायिका. सहा महिन्यांत पुस्तकाच्या दहा लाख प्रती खपल्या व १९३७ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. तथापि ऐकलेल्या कथांची छाया त्यावर पडलीच. त्यातील गुलाम बहुधा धन्याच्या घरी संतुष्ट दिसतात. त्यांची स्वातंत्र्याची तळमळ दिसत नाही.

या कादंबरीवरून सुमारे चार तासांचा चित्रपट निघाला. १५ डिसेंबर १९३९ रोजी तो अटलांटात प्रथम दाखविण्यात आला. नटनटींना पाहण्यास रस्त्यांत अलोट गर्दी लोटली. परंतु दासीची भूमिका उत्कृष्ट वठविणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल तेथे नव्हत्या. त्या काळ्या होत्या आणि गोऱ्यांच्या नाट्यगृहात काळ्यांना बसू न देण्याचा तेथे दंडक होता. त्यांचे वडील जन्माने गुलाम. यादवी युद्धात ते उत्तरेच्या बाजूने लढले होते.

पुढे २९ फेब्रुवारी १९४० रोजी या भूमिकेबद्दल हॅटीबाईंना ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या काळ्या कलावंत होत. त्या समारंभातही त्यांना इतर कलावंतांपासून दूर, भिंतीलगतच्या मेजावर बसविण्यात आले होते!

चित्रपटातील गुलामगिरीच्या गोड चित्राविरुद्ध काळ्या लोकांनी त्याच वेळी आवाज उठविला होता. २०२० साली अमेरिकेतील एका संस्थेने तो चित्रपट काही दिवस दाखविणे थांबविले आणि गुलामगिरीचे सत्य सांगणारी प्रस्तावना जोडून पुन्हा दाखविला. हे योग्यच झाले. सुंदर कथा अवश्य वाचावी. परंतु ती कोण सांगत आहे आणि तीत कोणाला बोलू दिलेले नाही, हाही विचार वाचकाने करावा.

स्वाध्याय

१. मार्गारेट मिचेल यांनी बालपणी ऐकलेल्या कथांचा त्यांच्या कादंबरीवर कोणता परिणाम झाला?
२. हॅटी मॅकडॅनियल अटलांटा येथील समारंभास का उपस्थित नव्हत्या?
३. तुम्ही वाचलेली एखादी कथा तीतील दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगा.