फलकातील विझलेले एलईडी : करंट मोजून दोष कसा ओळखावा?

अमरावतीचे जवाहर गेट असो की अकोल्याचा टिळक रोड, कापड दुकानाचे नाव आज एलईडीवरच उजळते. पूर्वी ट्यूबलाइट गेली की लगेच कळायचे. एलईडीचे तसे नाही. शंभर मोड्यूलपैकी दहा बंद पडले तरी फलक चालूच दिसतो. शिवाय आम्ही दुकानदार आत गादीवर, आणि फलकाचे तोंड रस्त्याकडे. नावातले एक अक्षर विझले हे गिऱ्हाइकाला आधी कळते, मालकाला शेवटी. तेही अनेकदा ऐन हंगामात, जेव्हा फलकवाला आणि वायरमन दोघेही हाती लागत नाहीत.

फलक न उघडता हा दोष ओळखता येतो काय? बऱ्याच अंशी येतो. दिव्यांना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरचा, म्हणजे एसएमपीएसचा, करंट मोजावा लागतो.

हिशेब असा मांडावा

फलकात सर्वसाधारणपणे १२ व्होल्टचे मोड्यूल असतात. प्रत्येकात तीन एलईडी आणि एक रेझिस्टर एका रांगेत जोडलेले असतात. असे सर्व मोड्यूल एकमेकांना समांतर जोडतात. समजा, एक मोड्यूल ०.०६ अँपिअर घेतो. मग १०० मोड्यूलना ६ अँपिअर लागतील. दहा मोड्यूलचे एक अक्षर तुटले की मीटर ५.४ दाखवेल. थानांची मोजदाद करताना आकडा कमी भरला तर माल कमी आहे हे कळते, तसेच हे आहे.

मात्र एक-दोन मोड्यूलचा फर्क या रीतीने खात्रीने कळत नाही. एक मोड्यूल म्हणजे शंभरातला एक भाग, आणि साध्या मीटरची चूकच तेवढी असते. म्हणून मोठा फलक दोन-तीन एसएमपीएसवर वाटून घ्यावा आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा ठेवावा.

व्होल्टही मोजावेत

करंट कमी भरला की एलईडी तुटले, असे लगेच ठरवू नये. तीन एलईडी मिळून साधारण ९ व्होल्ट घेतात. उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि करंट त्यांवर ठरतो. एसएमपीएस कमजोर होऊन १२ चे ११.४ व्होल्ट झाले, तर रेझिस्टरवर ३ ऐवजी २.४ व्होल्टच उरतात. म्हणजे व्होल्ट ५ टक्के घटले आणि करंट जवळजवळ २० टक्के! अशा वेळी एकही एलईडी तुटलेला नसतो. दोष एसएमपीएसमध्ये किंवा सैल जोडणीत असतो. व्होल्ट पूर्वीइतकेच आणि करंट कमी, तरच जोडणी तुटल्याचे समजावे.

पॅनेलचा करंट फसवतो

दुकानातील छताच्या पॅनेलची गोष्ट निराळी. त्यांचा ड्रायव्हर बहुधा ठरावीक करंट देणारा असतो. समजा, तो ६०० मिलीअँपिअर देतो आणि आत चार समांतर रांगा आहेत. प्रत्येकीला १५० मिळतात. एक रांग तुटली तरी ड्रायव्हर ६०० च देतो. राहिलेल्या तीन रांगांवर २०० चा बोजा पडतो. आणखी एक तुटली तर दोन रांगांवर प्रत्येकी ३००. बाहेरून वीजपुरवठ्याचा करंट मात्र जवळपास तोच दिसतो. इथे आकडा बरोबर म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे. उरलेल्या रांगा जास्त तापतात आणि लवकर जातात. म्हणून पॅनेलमध्ये काळा पट्टा दिसताच तो बदलावा. सर्व एलईडी एकाच रांगेत असतील, तर एक तुटताच अख्खा दिवा विझतो आणि पुरवठ्याचा करंट अगदी नाममात्र उरतो.

रेल्वेची रीत

बडनेरा आणि अकोला ही मुंबई-नागपूर मार्गावरील जंक्शने. तिथल्या रंगीत दिव्यांच्या सिग्नलमागेही हेच तत्त्व आहे. दिव्याच्या वाटेत करंटवर चालणारा रिले असतो. दिवा गेला की करंट घटतो आणि रिले सुटतो. लाल दिवा विझला तर त्याच्या मागचा सिग्नल आपोआप लाल होतो, म्हणजे चालकाला आधीच थांबावे लागते. तिथे प्रश्न प्रवाशांच्या जिवाचा आहे; आमच्याकडे दुकानाच्या नावाचा आणि खर्चाचा.

मोजताना घ्यावयाची काळजी

एसएमपीएसच्या पुढे डीसी वीज असते. साधा टाँग टेस्टर फक्त एसी मोजतो. म्हणून डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्यावा. एका वेळी एकच वायर जबड्यात घ्यावी. दोन्ही वायरी घेतल्या तर येणारा-जाणारा करंट एकमेकांना काटतो आणि मीटर शून्य दाखवतो. एसएमपीएस फलकातच बसवलेला असेल, तर २३० व्होल्टच्या बाजूने एसी करंट मोजावा. तो फार थोडा असल्याने एका वायरचे पाच वेढे जबड्यात घ्यावेत आणि आलेला आकडा पाचाने भागावा. वेढे घेण्यासाठी वायर सैल करणे, बॉक्स उघडणे ही कामे वीज बंद करून वायरमनकडूनच करून घ्यावीत.

नवा फलक लावला त्याच दिवशी, अर्धा तास चालू ठेवून मोजणी करावी. तारीख, मोड्यूलची संख्या, व्होल्ट आणि अँपिअर चिठ्ठीवर लिहून एसएमपीएसच्या बॉक्सला चिकटवावे. फलकवाल्याची सही घ्यावी. गॅरंटीच्या वेळी तोंडी तक्रारीपेक्षा हा आकडा उपयोगी पडतो. पुढे दर महिन्याला त्याच वेळी, तेवढाच वेळ चालू ठेवून मोजावे. व्होल्ट तेवढेच असताना करंट दहा टक्के घटला, तर हंगामाची वाट न पाहता फलक उघडावा.

आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या बंद फलकात उष्णता त्याहून जास्त. दिवसा तापणे, रात्री निवणे, यात डाखाचे सांधे हळूहळू तडकतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी एक आणि दिवाळी-ईदच्या हंगामाआधी एक मोजणी अवश्य करावी. दहा मिनिटांचे काम आहे आणि त्याची नोंद रोजमेळाच्या वहीतही ठेवता येते.