शाळेच्या सेवामंडळाचें संकेतस्थळ

रोटरीच्या आश्रयाखालीं चालणारीं ‘इंटरॅक्ट’ मंडळें तुम्हांपैकीं पुष्कळांस ठाऊक असतील. पहिलें मंडळ १९६२ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत, मेलबर्न येथील हायस्कुलांत निघालें. बारा ते अठरा वर्षें वयाच्या सभासदांनीं दरसाल निदान दोन कामें करावींत, एक शाळेच्या किंवा गांवाच्या उपयोगाचें व दुसरें निरनिराळ्या देशांतील लोकांची ओळख वाढविणारें, असा त्यांचा नियम आहे. काम झालें कीं तें चार लोकांस कळावें ही इच्छा स्वाभाविक होय. मग जो सभासद संगणक चालविण्यांत पटाईत असेल त्याच्या गळ्यांत मंडळाचें संकेतस्थळ तयार करण्याचें काम पडतें. त्या विद्यार्थ्यासाठीं, व त्याच्या पालकांसाठींहि, हा पाठ आहे.

संकेतस्थळ म्हणजे कांहीं जादू नव्हे. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं ही योजना मांडली, आणि १९९३ च्या एप्रिलांत संस्थेनें ती सर्व जगास विनामूल्य खुली करून दिली. स्थळावरील पान ही साध्या अक्षरांची एक फाईल असते. हा मथळा, हा परिच्छेद, येथें चित्र, येथें दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, अशा खुणा तींत घालतात. त्या खुणांच्या पद्धतीस एचटीएमएल हें नांव आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्येंच लिहावा. जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर भलत्याच अक्षरांचा ढीग होऊन बसतो. चित्रांस शब्दांत वर्णन जोडावें, म्हणजे अंध वाचकास पान वाचून दाखविणारा प्रोग्राम तेथें मुका राहणार नाहीं.

इतकें महिन्याभरांत येतें. खरी परीक्षा पानावर काय ठेवावें व काय ठेवूं नये येथें आहे.

गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें मोठ्या मेहनतीनें असें स्थळ उभारलें. पहिल्याच पानावर छायाचित्र होतें. मंडळाचे सभासद ओळीनें उभे, मध्यें इयत्ता सहावींतील एक मुलगा वह्यांचा गठ्ठा घेत आहे, आणि खालीं ‘गरीब विद्यार्थ्यास वह्यावाटप’ असे शब्द व त्या मुलाचें नांव. करणाऱ्याच्या मनांत वाईट कांहींच नव्हतें; वर्तमानपत्रांतून नेहमीं असेंच छापून येतें. परंतु वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशीं रद्दींत जातें, आणि हें पान राहतें. तो मुलगा उद्यां मोठा होऊन नोकरीस अर्ज करील, त्याचें नांव कोणी शोधील, आणि त्यास हेंच चित्र दिसेल. उद्यांचें दूर राहो. तो आज याच शाळेच्या अंगणांत त्याच मुलांबरोबर खेळतो. वह्या त्यास फुकट मिळाल्या असें माझ्यानें म्हणवत नाहीं.

छायाचित्र काढून टाकावयास मीं सांगितलें तेव्हां विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, मग आम्हीं काम केलें हें लोकांस दिसणार कसें?” प्रश्न रास्त होता. आम्ही दोघे बसलों आणि काम मुळांत कसें झालें तें आठवूं लागलों. सभासदांनीं वर्गावर्गांतून मागील सालच्या वह्या गोळा केल्या होत्या. त्यांतील कोरीं पानें सोडविलीं, सारखीं कापलीं, दाभणानें टोंचून जाड दोऱ्यानें शिवलीं आणि वर जुन्या दिनदर्शिकेचें पुठ्ठ्यासारखें कव्हर घातलें. आतां पानावर त्या शिवणाऱ्या हातांचें छायाचित्र आहे, कृति पायरीपायरीनें लिहिली आहे, आणि दोरा-गोंदाच्या खर्चाचा हिशेब आहे. दुसऱ्या शाळेस तेंच काम करावयाचें असल्यास येथून शिकून घेतां येईल. वह्या कोणास मिळाल्या याचा उल्लेख नाहीं, आणि त्यावांचून कांहीं अडलेलें नाहीं.

सभासदांच्या चित्रांविषयींहि सावध असावें. मोबाइलनें काढलेल्या छायाचित्राच्या फाईलींत, स्थानाची नोंद चालू असल्यास, त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. डोळ्यांस ते दिसत नाहींत, पण काढूं जाणाऱ्यास सहज सांपडतात. फाईल स्थळावर ठेवण्यापूर्वीं ही नोंद पुसावी. आपल्या देशांत २०२३ सालीं संमत झालेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यांत अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानिलें असून, तिची माहिती हाताळण्यास पालकांची संमति सांगितली आहे. पालकांनीं अशा संमतिपत्रावर डोळे मिटून सही करूं नये. कोणतें चित्र, कोठें व किती दिवस, असें खुशाल विचारावें. शाळेस त्याचा राग येण्याचें कारण नाहीं.

राहिली गोष्ट पुढील वर्षाची. स्थळाच्या पत्त्याचें नांव कायमचें विकत मिळत नाहीं, ठराविक मुदतीनें पैसे भरून तें राखावें लागतें. मुदत चुकल्यास तेंच नांव परका मनुष्य घेऊं शकतो, आणि शाळेच्या नांवाखालीं वाटेल तें मांडूं शकतो. म्हणून खातें विद्यार्थ्याच्या खाजगी पत्त्यावर न उघडतां शाळेच्या पत्त्यावर उघडावें, परवलीचा शब्द कचेरींत बंद पाकिटांत ठेवावा व मुदतीची तारीख त्या पाकिटावरच लिहावी. दहावीच्या विद्यार्थ्यानें दिवाळीच्या सुटीनंतर लगेच आठवी-नववींतील एकास शेजारीं बसवून कोणती फाईल कोठें आहे तें दाखवून द्यावें. परीक्षा जवळ आल्यावर त्यास सवड होत नाहीं.