भारा जड, दूध तेवढंच

प्रश्न : टिटवाळ्याजवळ माझ्या चार म्हशी आहेत. फुले जयवंत हे संकरित नेपियर गवत लावलंय. डोक्याच्या वर गेलं की कापतो. भारे भरपूर निघतात, पण दूध वाढत नाही आणि निम्मं गव्हाणीत उरतं. काय चुकतंय?

उत्तर : गव्हाणीतलं उरलेलं हातात घेऊन बघा, नुसती कांडी दिसतील. संकरित नेपियर उशिरा कापलं तर वजन वाढतं खरं, पण खोड निबर होतं, पानांचं प्रमाण घटतं आणि प्रथिनं घसरतात. चाऱ्याच्या शुष्क पदार्थात ती सातेक टक्क्यांखाली गेली की जनावराच्या पोटातले जिवाणूच उपाशी राहतात; चारा पचणार कसा? पहिली कापणी लागवडीनंतर 60-70 दिवसांनी, पुढच्या 40-45 दिवसांनी, जमिनीपासून चार-सहा इंच ठेवून करा. पावसाळ्यात तर 45 दिवस उलटूच देऊ नका. भारा हलका भरेल, पण वर्षाकाठी कापण्या वाढतील. अगदी कोवळंही नको : ऑक्झॅलेट जास्त असतं, शिवाय ठोंब खचतात.

उशिरा कापण्याचा हाच तोटा वाळल्या गवतातही असतो. मुरबाड-शहापूरकडचं डोंगरी गवत वाळवायला ऊन लागतं, म्हणून ते दसऱ्याच्या सुमारास कापतात. तोवर ते फुलून गेलेलं असतं. ते पोटभरीला ठेवा, दुधाचा हिशेब त्यावर मांडू नका.