ग्रहण बघू या, पण डोळे सांभाळून



"दे दान, सुटे गिऱ्हाण" ही आरोळी आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होती. ग्रहण लागले की महार-मांगांनी दान मागत फिरायचे आणि गावाने जुनेरे, मूठभर धान्य लांबून टाकायचे. बाबासाहेबांच्या मागे चालताना समाजाने ही भीक सोडली, राहू-केतूही सोडले. आज आपल्या वस्त्यांतली मुले ग्रहणात घरात दडून बसत नाहीत, गच्चीवर जातात. आम्हाला याचा आनंदच आहे. काळजी वेगळी आहे.

25 ऑक्टोबर 2022 ला संध्याकाळी खंडग्रास ग्रहण होते. आमच्या वस्तीतल्या दहावीच्या एका मुलाने पाचच्या सुमारास, ऊन असतानाच, आजीच्या छातीचा एक्स-रे डोळ्यांपुढे धरून ते पाहिले. दुखले नाही, पाणीही आले नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडले तर ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेच पुसट, कडेची मात्र स्पष्ट. आमच्याकडे आणला तो चार दिवसांनी. तोवर शेजारच्या काकू सगळीकडे सांगून आल्या होत्या, "बघा, बौद्ध झाले म्हणून काय झालं, ग्रहण बाधलंच!" बरीचशी नजर काही महिन्यांत परत आली. उजव्या डोळ्यात मधोमध एक ठिपका मात्र राहिला.

बाधले ते ग्रहण नव्हे, ऊन. भिंगाने कागद जाळायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळला आहे. डोळ्यातही तसेच भिंग असते, आणि त्यामागच्या पडद्यावर ते सूर्याचा प्रकाश एका बिंदूत गोळा करते. एरवी सूर्याकडे पाहिले की डोळा आपोआप मिटतो. ग्रहणात झगमगाट कमी होतो, म्हणून आपण टक लावून पाहतो. पण उरलेली कोर तितकीच प्रखर असते. पडद्याला वेदना कळत नाही. इजा होताना समजत नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी समजते. तिच्यावर खात्रीचे औषध नाही.

म्हणून एक्स-रे, काजळी धरलेली काच, फोटोची निगेटिव्ह, सीडी, साधा गॉगल यातले काहीही चालत नाही. परातीतल्या पाण्यात पाहणेही सुरक्षित नाही. आयएसओ 12312-2 असे छापलेला ग्रहणचष्मा किंवा 14 नंबरची वेल्डिंगची काच, एवढेच वापरा. 2019 चा चष्मा कपाटात असेल तर आधी उजेडात धरून पाहा; चरा, छिद्र किंवा सुरकुती दिसली तर कात्रीने कापून टाका, नाहीतर मुले पुन्हा शोधून काढतात. चष्मा लावूनसुद्धा दुर्बिणीतून पाहू नका.

बिनखर्चाचा उपाय आम्हाला जास्त आवडतो. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि भोकातून येणारा उजेड पांढऱ्या कागदावर घ्या. कागदावर सूर्याची कोर उमटते. स्वयंपाकघरातली चाळणी धरली तर एकदम शंभर कोरी! भोकातून थेट सूर्याकडे मात्र पाहायचे नाही.

2 ऑगस्ट 2027 ला, सोमवारी, दुपारी चारनंतर मुंबई-कोकणाकडून खंडग्रास ग्रहण दिसेल. पावसाचे दिवस आहेत. पातळ ढगाआड सूर्य मवाळ वाटतो आणि मुले चष्मा काढतात. तसे करू देऊ नका. आपल्याकडे सूर्य पूर्ण झाकला जाणार नाही, त्यामुळे चष्मा काढण्याचा एकही क्षण नाही. आदल्या रविवारी विहारात वंदनेनंतर महिला मंडळाने मुलांकडून पुठ्ठे करून घेतले तर अर्ध्या तासाचे काम आहे.

गरोदर भगिनींनी उपाशी राहू नये, भाजी चिरावी, झोप आली तर झोपावे. सासूबाईंना आमचे नाव सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या प्रत्येक मुलाचा एकेक डोळा झाकून त्याला खिडकीचे गज पाहायला लावा. गज वाकडे दिसले, मधे काळा ठिपका दिसला किंवा रंग फिके वाटले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. मध, गुलाबपाणी, दुकानातले थेंब काही घालू नका. आणि त्याने काय डोळ्यांपुढे धरून पाहिले ते डॉक्टरांना खरे सांगा. मूल रागावण्याच्या भीतीने लपवते, म्हणून आधी रागावू नका.